सीमेवर सर्व क्षेम

त्या रात्री ज्ञानदाला झोप लागली नाही, आणि कोणी कारण विचारलं असतं तर सांगायचीही तिला लाज वाटली असती, कारण काळजी होती ती एवढीच की किल्ल्याचे बुरूज फार सुबक झाले होते. चौथीतल्या मुलीच्या हातून इतके एकसारखे बुरूज होत नाहीत, हे कुठल्याही शिक्षिकेला वर्गाच्या दारातूनच कळलं असतं. सकाळी उठल्या उठल्या तिनं चमच्याच्या दांड्यानं दोन बुरूज जरा वाकडे केले. मग तो वाकडेपणाही फार विचारपूर्वक केल्यासारखा दिसायला लागला, म्हणून ते पुन्हा सरळ केले. एवढं होईतो लेकीची, शरयूची, बस चुकली आणि पायजम्यावर कोट चढवून तिला शाळेत सोडायला जावं लागलं. परतताना, वेस्ट विंडसरच्या त्या सरळसोट रस्त्यावर लाल दिव्याशी थांबलेली असताना, आपण चांगली आई आहोत की नुसतीच घाबरट बाई आहोत हा तिचा रोजचा प्रश्न तिनं स्वतःला विचारला आणि हिरवा दिवा लागला म्हणून सोडून दिला.

शाळेचा विषय होता प्राचीन नदीकाठच्या संस्कृती. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पिरॅमिड घेतले होते आणि उरलेल्यांनी ममी. "सगळे करतात ते आपण कशाला करायचं?" असं म्हणून किल्ले सुचवले ते ज्ञानदानंच. चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या राजांनी दक्षिण सीमेवर, जिथं नाईल खडकांमधून खळाळत अरुंद होते तिथं, दोन्ही काठांवर आणि मधल्या बेटांवर कच्च्या विटांचे प्रचंड किल्ले बांधले होते. दक्षिणेकडून येणाऱ्या माणसानं, नावेनं असो की पायी, ती रेषा ओलांडायची नाही असा राजाचा हुकूम सेमना नावाच्या जागी दगडावर कोरलेला होता. व्यापाराला किंवा निरोप घेऊन येणाऱ्याला तेवढी सूट. धरण झाल्यावर त्यातले बहुतेक किल्ले पाण्याखाली गेले. हे सगळं वाचताना ज्ञानदाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: मातीचा किल्ला. आणि मातीचा किल्ला कसा करायचा हे पुण्यात वाढलेल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती. तिनं पोत्यानं माती आणली, प्लायवूडची फळी घेतली, डेकच्या काचेच्या दाराशी वर्तमानपत्रं अंथरली, विटांच्या तुकड्यांवर ओलं गोणपाट टाकून वर चिखल थापला, आणि इजिप्तच्या किल्ल्यावर सवयीनं अळीवही पेरले.

"इजिप्तमध्ये हिरवळ कुठून आली?" शार्दूल, तिचा नवरा, कॉफीचा मग हातात घेऊन उभा होता. "आणि शाळेनं प्रोजेक्ट मुलीला दिलंय की मुलीच्या आईला?"

"नदीकाठ आहे. नदीकाठी उगवतं काहीबाही."

"वर महाराज बसवू नकोस म्हणजे झालं."

शरयू हसली. ती बाजूला बसून, आई देईल तेवढंच काम करत होती. भिंतीतल्या बाण मारायच्या भोकांना मराठीत जंग्या म्हणतात, हे आईनं सांगितल्यावर तिनं काडीनं ओळीनं सतरा जंग्या पाडल्या आणि प्रत्येकीतून एक डोळा मिटून आत पाहिलं.

एक काम मात्र पूर्णपणे तिचं होतं. त्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याची सात दिवसांची रोजनिशी लिहायची होती, सोमवार ते रविवार, रोज चार-पाच ओळी. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात त्या किल्ल्यांवरून खरोखरच धाडलेल्या पत्रांची भाषांतरं होती. गस्तीला बत्तीस माणसांच्या आणि तीन गाढवांच्या पावलांचा माग लागला, असला मजकूर, आणि शेवटी ठरावीक वाक्य, की राजाच्या मुलखात सर्व क्षेम आहे. ज्ञानदा औषधांच्या एका कंपनीसाठी घरून तपासणीचे अहवाल वाचायची, त्यामुळे ते वाक्य तिला फारच ओळखीचं वाटलं आणि ती मनातल्या मनात हसली. पान उलटल्यावर मात्र ती हसली नाही. त्या पत्रात लिहिलं होतं की वाळवंटातून काही माणसं उतरून आली, सेवेला ठेवून घ्या म्हणाली. तिकडची काय हालहवाल म्हणून विचारलं तर म्हणाली, आम्ही काही ऐकलं नाही, पण वाळवंट भुकेनं मरतंय. आणि त्याच दिवशी त्यांना त्यांच्या वाळवंटात परत पाठवण्यात आलं. सर्व क्षेम.

शरयूला फक्त पहिलं पत्र वाचून दाखवून ज्ञानदानं पुस्तक मिटलं, आणि दुसऱ्या दिवशी, मुदत संपायला तीन आठवडे असताना, लायब्ररीच्या परतीच्या खिडकीतून आत सारलं. पुस्तक पडल्याचा आवाज आला तेव्हा तिनं इकडेतिकडे पाहिलं.

सोमवारी शरयूनं बत्तीस माणसं आणि तीन गाढवं लिहिली. मंगळवारी मधाची मडकी घेऊन नावा आल्या. बुधवारी दुपारी ती पोहायला गेलेली असताना ज्ञानदानं, फक्त स्पेलिंग बघायला म्हणून, वही उघडली. इंग्रजीतल्या गोल गोल अक्षरांत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा होता:

'आज एक बाई मुलीला घेऊन दाराशी आली. पाऊस होता. मुलीच्या एकाच पायात पिवळा बूट होता. मुलीनं जंगीला डोळा लावला आणि ती हसली. आतून कोणी हसलं नाही. सीमेवर सर्व क्षेम.'

ज्ञानदानं ते दोनदा वाचलं. मग वही होती तशी, त्याच कोनात, टेबलावर ठेवली.

एप्रिल महिन्यातली ती दुपार होती. चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्हं फ्रिजमध्ये होतं, आणि तीन वाजता पहिल्या बायका यायच्या होत्या. दीडच्या सुमाराला बेल वाजली तर दारात तिची मैत्रीण प्रीता उभी. थंड पावसात स्टेशनजवळच्या अपार्टमेंटपासून चालत आलेली, एका हातात केबिन बॅग, दुसऱ्या हातात चार वर्षांची मुलगी. पोरीचा एक बूट वाटेत कुठं चिखलात राहिला होता आणि त्या पायात नुसता भिजलेला मोजा होता. प्रीताच्या डाव्या भुवईवर जे होतं त्याबद्दल दोघींनीही काही बोलायची गरज नव्हती, कारण मागं एकदा प्रीता सगळं बोलली होती आणि ज्ञानदानं तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, की कधीही ये, हे घर तुझंच समज. फक्त तेव्हा प्रीताचा नवरा परीक्षित हा शार्दूलचा मॅनेजर झालेला नव्हता. एप्रिलमध्ये तो होता, ऑफिसात कुणाकुणाला काढायचं याच्या याद्या चालल्या होत्या, आणि नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की घर, शाळा, सगळंच. साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. तेव्हा ज्ञानदा म्हणाली की आज नेमकं जमत नाहीये गं, घरात बायका येतायत. आणि प्रीता समजून घेऊन परत गेली. निदान गेले सात महिने ज्ञानदा स्वतःला हे असंच सांगत आली होती.

पुढं परीक्षितनं टेक्सासला बदली घेतली. प्रीता इंडियाला गेली असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं बहिणीकडे. ज्ञानदानं खोलात जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्यालाही कोणी विचारलं असतं.

पण शरयू त्या दुपारी शाळेत होती. दाराच्या बेलच्या कॅमेऱ्यातल्या क्लिप्स शार्दूलनं बघण्याआधीच ज्ञानदानं पुसून टाकल्या होत्या. आणि त्यातलीच एक होती ती, ज्यात चिमुरडी टाचा उंचावून कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावते, सगळा पडदा एका तपकिरी डोळ्यानं भरून जातो, आणि मग ती हसते.

"हे बाईचं कुठून सुचलं तुला?" संध्याकाळी तिनं जमेल तितक्या सहज विचारलं.

शरयू ओल्या केसांनी पास्ता खात होती. "कुठलं?"

"रोजनिशीतलं. बाई आणि मुलगी."

"मी मनानं काही मेक अप नाही केलं," ती म्हणाली. "जे होतं ते लिहायचं असतं, आई. इट्स अ लॉग."

शार्दूल म्हणाला, "बघ, तुझी लेक. नियम म्हणजे नियम." आणि त्यानं चीज मागितलं.

गुरुवारी अळीव उगवले. दोन दिवसांत उगवतात तसे दाट, कोवळे, बुरुजांच्या उतारांवर, नदी म्हणून रंगवलेल्या निळ्या पट्टीच्या कडेकडेनं, सगळीकडे. फक्त दरवाज्यासमोर नाही. तिथं दोन जागा उघड्या राहिल्या होत्या, एक जरा मोठी आणि तिला लागूनच एक लहान. बी कमी पडलं असेल म्हणून ज्ञानदानं तिथं चिमूटभर अळीव पुन्हा टाकले, पाणी शिंपडलं. शुक्रवारी सकाळपर्यंत ते इतर अळिवांपेक्षाही जोमानं वर आले होते, आणि त्या दोन जागांपुरते आडवे झाले होते, हिरवळीवर बराच वेळ कोणी बसून राहिलं की होते तसे. तिनं बोटानं ते उभे करून पाहिले. बोट काढल्यावर ते सावकाश पुन्हा निजले.

गुरुवारच्या पानावर लिहिलं होतं: 'त्या अजून दाराशी आहेत. आता खाली बसल्या आहेत. सीमेवर सर्व क्षेम.'

शुक्रवारी सकाळी अकराला, शरयू शाळेत आणि शार्दूल न्यूयॉर्कच्या गाडीत असताना, ज्ञानदानं प्रीताचा नंबर लावला. तो नंबर अस्तित्वात नसल्याचं एका प्रसन्न बाईनं सांगितलं. मग तिनं रेखाकाकूंना फोन केला. रविवारचे मराठीचे वर्ग घेणाऱ्या, पंचवीस वर्षं इथं राहिलेल्या, गावातल्या प्रत्येक घराची खबर ठेवणाऱ्या या बाई. फराळाच्या ऑर्डरचं निमित्त पुरलं. चकली आणि अनारसे झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, प्रीता कुठं असते हो आता?"

"अगं, हे तू मला विचारतेस?" रेखाकाकू हसल्या. "तुझ्याकडेच होती ना ती?"

"माझ्याकडे?"

"एप्रिलात नाही का? भर दुपारी फोन आला मला तिचा. म्हणाली, काकू, मी ज्ञानदाकडे आलेय, आता काळजी करू नका. आवाज किती शांत होता पोरीचा! मी तर गाडीची किल्ली हातात घेऊन निघालेच होते तिला शोधायला, तो फोन आला म्हणून परत बसले. नंतर मीही काही विचारलं नाही. म्हटलं, असतात या गोष्टी, ज्ञानदा बघेल. खरं सांगू का, तुझं फार कौतुक वाटलं मला. एरवी दिसायला भित्री, पण वेळेला दार उघडलंस. किती दिवस ठेवलंस गं तिला?"

काचेपलीकडे डेकवर शेजाऱ्यांच्या झाडावरची खार येऊन बसली होती. नाही म्हणायला एक शब्द लागला असता, आणि ज्ञानदानं तो शब्द तोंडात तयारही केला होता.

"होती थोडे दिवस," ती म्हणाली.

"देव तुझं भलं करो," रेखाकाकू म्हणाल्या. "अनारसे दोन डझन लिहू ना?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. लाज ही गोष्ट गरम असते, असं तिला आजवर वाटत होतं, कान तापतात, गाल तापतात. ही तशी नव्हती. ही ओल्या मोज्यासारखी गार होती आणि खालून वर चढत होती.

त्या दुपारी शरयू बसमधून उतरली, दप्तर टाकलं, केळं सोलता सोलता वही पुढ्यात ओढली आणि आईच्या देखत, न थांबता, चार ओळी लिहिल्या. मग ती टीव्हीसमोर गेली. ज्ञानदानं वही पाहायची नाही असं ठरवलं होतं. तो निश्चय केळ्याचं साल कचऱ्यात टाकेपर्यंत टिकला.

'पहारेकऱ्याला विचारलं की त्या कुठं आहेत. तो म्हणाला, आत आहेत, आम्ही त्यांना ठेवून घेतलं. ज्यानं विचारलं तो खूश झाला. सीमेवर सर्व क्षेम.'

शनिवारच्या पानावर एकच वाक्य होतं: 'आज मुलगी बोलली नाही.' खाली नेहमीचं वाक्य नव्हतं. ज्ञानदानं शार्दूलला ते दाखवलं, आणि त्याच दमात त्याला एप्रिलचं सगळं सांगावं म्हणून तोंडही उघडलं. पण त्यानं वाचून भुवया उंचावल्या, म्हणाला, "यार, ही पोरगी लेखक होणार, आपले पैसे बुडाले," आणि तो इतका प्रेमानं हसला की ते हसू मोडायचं तिला धैर्य झालं नाही. शरयूसाठी, त्याच्या नोकरीसाठी, या घरासाठी म्हणूनच तर ते केलं होतं; पण त्याला सांगताना ते तसं ऐकू आलं नसतं. ती परत काचेच्या दाराशी गेली. दरवाज्यासमोरचे ते दोन आडवे ठसे आता पिवळे पडायला लागले होते.

रविवारी दुपारी शार्दूल बॅडमिंटनला गेला. सोमवारी किल्ला शाळेत जायचा होता. ऊन काचेतून आत आलं होतं आणि शरयू किल्ल्याशेजारी जमिनीवर पोटावर पडून, वही उघडून, पेन्सिलीचं टोक चावत होती. ज्ञानदा तिच्याजवळ खाली बसली. सांगायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. उद्या ती वही पंचवीस मुलांच्या वर्गात वाचली जाईल म्हणून नव्हे, तर इतक्या दिवसांत आपल्याला ज्या एकाच माणसाची भीती वाटत होती ते नऊ वर्षांचं माणूस इथं आपल्या मांडीजवळ पडलेलं आहे, म्हणून.

"शरयू, मला तुला एक सांगायचंय. प्रीता मावशी आठवते तुला?"

"थोडीशी."

"ती एकदा आपल्याकडे आली होती. तिच्या मुलीला घेऊन. तिला आपल्याकडे राहायचं होतं, कारण तिच्या घरी तिला त्रास होत होता. आणि मी..." इथं तिची नेहमीची वाक्यं ओळीनं उभी होती, आज जमत नाहीये गं, बायका येतायत. ती वाक्यं सात महिन्यांत इतकी गुळगुळीत झाली होती की नुसता जिभेला स्पर्श झाला असता तरी घसरत बाहेर आली असती. तिनं ती येऊ दिली नाहीत. "मी तिला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही मी घाबरले. मी म्हटलं, एक मिनिट हं, आणि दार लावून घेतलं. आणि वर गेले, बेडरूममध्ये. फोनवर कॅमेऱ्यातून बघत बसले. तिनं परत बेल नाही वाजवली. तिला वाटलं मी काहीतरी आवरायला गेलेय. पायरीवर बसल्या दोघी. फोनवर कुणाला तरी सांगत होती, पोहोचले म्हणून, हसत होती. पाऊण तास मी बघत होते, शरयू. मग मी फोन उलटा करून ठेवला. तीन वाजता बायका आल्या तेव्हा दार उघडलं, तर पायरीवर कोणी नव्हतं. कोणी त्यांना रस्त्यातही पाहिलं नव्हतं. नंतर मी सगळ्या क्लिप्स पुसायला घेतल्या तेव्हा बघितलं, येतानाच्या होत्या, बसलेल्या होत्या. जातानाची नव्हती."

हे ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली होती. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, पण निदान जे होतं ते आता तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं, आणि लगेच त्याचीही तिला लाज वाटली, की ओझं उतरवायला आपल्याला नऊ वर्षांची पाठ सापडली. "आईनं फार वाईट केलं," ती म्हणाली. "तुला ते कळायला हवं."

शरयूनं वर पाहिलं नाही. तिनं वहीत रविवारची तारीख लिहिली, तिच्याखाली पट्टीनं रेघ मारली, रेघेवरची पेन्सिलीची भुकटी फुंकून टाकली आणि म्हणाली,

"आय नो, आई. म्हणून तर त्या अजून गेल्या नाहीत."